नऊ नंबरच्या खोलीतल्या भिमाबाई

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली की माणूस ओळखता येतो, असं मी छातीठोकपणे सांगत असे. कोण फुकट्या आहे, कोणाचं पाकीट खरंच मारलं गेलंय, कोण घोड्याएवढ्या पोराचं हाफ तिकीट मागतोय, हे समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मला कळायचं. माझा हा तोरा ज्या बाईनं उतरवला, तिनं उभ्या आयुष्यात एक तिकीट फाडलेलं नाही. भिमाबाई तिचं नाव. आमच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात, नऊ नंबरच्या खोलीत मनोविकाराची ओपीडी चालते, तिथं ती सेविका आहे. दारात स्टुलावर बसते, नावं पुकारते, वजनं करते. मी आज जिवंत आहे तो तिच्यामुळं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला फिरवून फिरवून बोलायचा कंटाळा आहे.

मी मोहनराव, पालीचा. बिंदुसरेच्या धरणापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. बायको शिवकन्या, मुलगा प्रविण चाकणला कंपनीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, डेपोत सत्कार झाला, शाल-नारळ मिळालं, मॅनेजरनं भाषण केलं आणि त्यात माझं आडनाव चुकवलं. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. पुढच्या चार महिन्यांत मात्र माझी झोप गेली. मग भूक गेली. भाकरी तोंडात फिरत राहायची, गिळवायची नाही. पेपर हातात घेतला तर त्याच त्या ओळीवरून डोळे फिरायचे. दारात कोणी आलं की मी मागच्या खोलीत जाऊन बसायचो. ज्या माणसानं साठ-सत्तर प्रवाशांशी एका वेळी भांडण केलं, त्याला शेजाऱ्याला 'या, बसा' म्हणायचंही ओझं वाटू लागलं.

लोक म्हणायचे, "काय कमी हाय तुमाला?" या प्रश्नाचा मला आजही राग येतो. काही कमी नव्हतं, हेच तर दुखणं होतं. काही कमी असतं तर मी ते बोट दाखवून सांगितलं असतं. भावकीतला एक शहाणा म्हणाला, कपिलधारला पाच सोमवार करा. कपिलधारच्या जत्रेला मी वीस वर्षं जादा गाड्या नेल्या होत्या. देवाला माझा चेहरा पाठ असणार. तरी पाचही सोमवार केले. धबधब्याखाली उभा राहिलो तेव्हा गार वाटलं, तेवढंच.

शेवटी शिवकन्येनं प्रविणला बोलावून घेतलं आणि दोघांनी मला नऊ नंबरच्या खोलीसमोरच्या बाकड्यावर नेऊन बसवलं. मी मान खाली घालून बसलो होतो, कारण तिथं ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती होती. तेवढ्यात दारातून आवाज आला, "ओ कंडक्टरसाहेब, चला काट्यावर!" सगळ्या बाकड्यानं माझ्याकडं पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुमाला काय माहीत मी कंडक्टर?" मी तिच्यावर खेकसलो.

"तेलगाव गाडीला व्हता की तुमी. मपलं माहेर तिकडंच. एकदा सुट्ट्यासाठी मला माजलगाव फाट्यापतोर भांडत नेलतं." मग तिनं माझ्या पायांकडं बोट केलं. "चपला काढा. काट्यावर चपलेला जागा न्हाई."

ही आमची पहिली भेट. बुटकी, काळीसावळी, पंचावन्नच्या आसपासची बाई; डोक्याला तेल चोपडून घट्ट अंबाडा, हातात निळ्या कापडी पट्ट्याचं घड्याळ. शिक्षण सातवी. नवरा याच दवाखान्यात पहारेकरी होता, तो गेल्यावर त्याच्या जागी ही लागली. दोन मुली वाढवल्या, एकीला नर्स केलं, एकीला मास्तरीण. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की ही बाई काट्यावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलते, आणि तिला हवं ते कळेपर्यंत त्याला खाली उतरू देत नाही.

बाकड्यावर बसून मी तिचं ते काम बघत असे. काट्याचा आकडा एका सेकंदात कळतो. ती मात्र वाकून, चष्मा पुसून, दोनदा बघायची आणि तेवढ्यात विचारून घ्यायची. सकाळी काय खाल्लं? केलं कोणी? अंथरूण कुठं टाकता, ओट्यावर का घरात? एकदा एक म्हातारी आली होती. महिनाभर ती कोणाशी बोलली नव्हती. पोरं म्हणत होती, आईची वाचा गेली. भिमाबाईनं तिला काट्यावर उभं केलं, आकडा वाचला आणि विचारलं, "मावशे, म्हशीची धार आता कोन काढतंय?" म्हातारी पुटपुटली, "सून. तिला जमत न्हाई. लाथा खाती." पोरं तोंडात बोट घालून बघत राहिली. भिमाबाईनं आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की वाचा शाबूत आहे, म्हशीवरून सुरुवात करा.

डॉक्टरीणबाई म्हणजे चैताली मॅडम. तिशीच्या आतबाहेरच्या, शांत, चष्मेवाल्या. दिवसाला साठ पेशंट बघूनही आवाज चढत नसे, हे मला कंडक्टर म्हणून फार मोठं वाटे. त्यांनी मला तपासलं, डिप्रेशन आहे म्हणून समजावलं, हा आजार आहे, तुमचा दोष नाही, गोळ्या तीन आठवड्यांनी लागू पडतील असं सांगितलं. मी आठ दिवस गोळ्या घेतल्या. नवव्या दिवसापासून शिवकन्येसमोर तोंडात टाकायचो आणि मोरीत थुंकायचो. मला बरं व्हायचं नव्हतं. मी ठरवून टाकलं होतं, की आता पुरे.

काय ठरवलं होतं, कसं ठरवलं होतं, ते लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही, आणि हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखा एखादा असायचा. एवढंच सांगतो, की ठरवल्यावर मला बरं वाटू लागलं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच झालं. झोप लागू लागली. मी दाढी केली, मिशीला कलप लावला. शेजाऱ्याला स्वतःहून हाक मारली. शिवकन्येनं देवापुढं साखर ठेवली.

मग मी बहिणींकडं जाऊन आलो. मला तीन बहिणी. थोरली कपिलधारच्या वाटेवरच्या एका खेड्यात, मधली बीडमध्येच, धाकटी वनमाला तेलगावला. एका आठवड्यात प्रविणला सोबत घेऊन तिघींकडं गेलो, तिघींना साडी-चोळी केली, जेवलो, भाच्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी निरोप घेत होतो. त्यांना वाटलं, भाऊ दुखण्यातून उठला आणि पहिल्यांदा आपल्याकडं आला. वनमालेनं पुरणाचा घाट घातला होता. निघताना ती वेशीपर्यंत आली आणि उसाचे ट्रॅक्टर जाईपर्यंत माझा हात धरून उभी राहिली. मी तो हात सोडवून घेतला, याची मला आज फार लाज वाटते.

आता अडचण एकच होती. घरात मला एकटं कोणी सोडत नव्हतं. प्रविण रजा काढून बसला होता, त्याची रजा शनिवारी संपत होती. रविवारी शिवकन्येच्या भाच्याचं लग्न केजला होतं. सख्ख्या भावाचा मुलगा, आणि ही सगळ्यांत थोरली आत्या. पण ती अडून बसली. "डॉक्टरीनबाई हो म्हनल्या तरच जाईन," म्हणाली. म्हणजे सगळं त्या एका तपासणीवर येऊन ठेपलं होतं. चैताली मॅडमनी मला बरा म्हटलं, की शनिवारी मुलगा जाणार, रविवारी बायको जाणार, आणि घरात मी एकटा राहणार. शुक्रवारी तपासणी होती. आयुष्यात कोणत्या परीक्षेची मी एवढी तयारी केली नव्हती.

शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घातला. वजनकाट्यावर भिमाबाई म्हणाली, "बरं वाटतंय म्हनता, आन् अडीच किलो उतरलाव?"

"पहाटे फिरायला जातो," मी थाप मारली. "धरणापर्यंत जाऊन येतो."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं चष्मा पुसून परत आकडा बघितला. मी खाली उतरून सरळ आत गेलो. तिथं रीत अशी होती, की आधी पेशंट एकटा आत, नातेवाईक बाहेर. शिवकन्या भिमाबाईजवळ थांबली.

आत मॅडमनी सुरुवात केली. आज वार कोणता, तारीख कोणती, आपण कुठं आहोत. मी वार, तारीख, तिथी आणि दवाखान्यासमोरच्या थांब्यावरून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळाही सांगितल्या. "शंभरातून सात वजा करा, मग आलेल्या उत्तरातून परत सात," त्या म्हणाल्या. मी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत न थांबता दोनपर्यंत उतरलो. त्यांनी मला मधेच पुरे म्हटलं होतं, पण मी ऐकलं नाही. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, घड्याळ, पेरू, विहीर. पाच मिनिटांनी ते मी सुलटे आणि उलटे म्हणून दाखवले. रस्त्यात पत्ता लिहिलेलं पाकीट पडलेलं दिसलं तर काय कराल? "डेपोत जमा करीन आणि पोच घेईन." म्हणीचा अर्थ विचारला, नाचता येईना अंगण वाकडे. मी म्हणालो, "ड्रायव्हरला गाडी मारता येत नाही आणि म्हणतो रस्ता खराब. पण मॅडम, आपल्याकडं रस्ताही खराबच असतो." त्या मनापासून हसल्या. मीही हसलो. कानात आवाज येतात का? नाही. कोणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटतं का? "बायको ठेवते," मी म्हणालो. त्या परत हसल्या.

मग त्यांनी पेन थांबवून, माझ्याकडं बघत विचारलं, "काका, जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का?"

"मॅडम, अजून प्रविणचं लग्न करायचंय," मी म्हणालो.

बघा, मी नाही म्हणालोच नव्हतो. प्रश्नाला उत्तर न देता दुसरंच काही सांगायचं, ही विद्या मी फुकट्या प्रवाशांकडून शिकलो होतो. 'तिकीट दाखवा' म्हटलं की 'पुढच्याच स्टॉपला उतरायचंय' म्हणणारे मला हजारांनी भेटले होते. त्यांना मी सोडलं नाही, आणि मॅडमनी मला सोडलं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारायचं ते सगळं विचारलं होतं, नीट विचारलं होतं. खोटं बोलणाराच पक्का होता. त्यांनी कागदावर सुधारणा चांगली असं लिहिलं, महिन्यानं या म्हणाल्या आणि म्हणाल्या, "काकूंना लग्नाला खुशाल जाऊ द्या."

मी उठलो. कागद त्यांच्या हातात होता, मी हात पुढं केला होता, आणि दारात भिमाबाई येऊन उभी राहिली.

बाहेर काय झालं होतं ते मला नंतर शिवकन्येनं सांगितलं. ती बिचारी कौतुकानं बोलत होती. "लई फरक हाय, ताई. झोपत्यात, दाढी करत्यात. ह्या आठवड्यात तिन्ही बहिनींकडं जाऊन आले, साडी-चोळी केली तिघींना."

"कोनाचं लगीन व्हतं का?" भिमाबाईनं विचारलं.

"न्हाई. आपलं असंच. मन झालं म्हनून."

भिमाबाई म्हणे स्टुलावरून उठली, एकदा बसली आणि परत उठली. माघ महिना चालू होता. भाऊबीज होऊन तीन महिने झालेले, नागपंचमी अजून कुठल्या कुठं. आमच्याकडं भाऊ बहिणीला साडी-चोळी करतो ती दिवाळीला, नाहीतर कार्याला. अवेळी एखादीला केली तर प्रेम म्हणा. तिघींना, एका आठवड्यात, कुठलंच कारण नसताना? हा प्रश्न माझ्या सख्ख्या बायकोला पडला नाही, मुलाला पडला नाही. तिघी बहिणींनाही तो पुरता पडला नाही.

"भिमाबाई, पेशंट आहे आत. थांबा जरा," चैताली मॅडम म्हणाल्या.

"म्याडम, कागद देऊ नका. मला एक इचारायचं हाय यांना."

मी चिडलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा मी ओरडलो. "तुमचं काम काय? वजन करायचं! तुम्ही डॉक्टर आहात का?" एवढ्यावर थांबलो असतो तर माझी लाज थोडी कमी झाली असती. मी पुढं म्हणालो, "तुमच्यासारख्यांना सरकारनं डोक्यावर बसवलं की असंच होतं." 'तुमच्यासारख्यां'मध्ये मी काय काय भरलं होतं ते तिला कळलं, मलाही कळलं, आणि चैताली मॅडमचा चेहरा बघून त्यांनाही कळलं. भिमाबाईच्या गळ्यात निळ्या दोऱ्यात ओळखपत्र होतं, त्यावर तिचं पूर्ण नाव होतं, आणि ते मी आधीच वाचलेलं होतं.

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात भिमाबाईनं हात वर केला.

"बोला," ती मला म्हणाली. "आजून असंल तर बोलून घ्या. मी हाय हितंच. पर मला एक सांगा भाऊ. धाकट्या बहिनीनं इचारलं असंल ना, आत्ता साडी कावून आनली म्हून? तिला तुमी काय सांगितलं?"

एवढाच प्रश्न. मी तयारी केलेल्या प्रश्नांत हा नव्हता. माझं तोंड रागानं उघडलेलंच होतं, त्यामुळं आतलं होतं तेच बाहेर आलं.

"तिला म्हणलं, दिवाळीची आत्ताच घे."

हे वाक्य मी तेलगावला हसत हसत बोललो होतो आणि वनमालाही 'डोकं ठिकानावर हाय का दादा' म्हणून हसली होती. इथं कोणी हसलं नाही. माझंच वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं. दारात भिमाबाईच्या मागं शिवकन्या उभी होती. तिनं ते ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मी बघितली. दाढी, झोप, साड्या, केजच्या लग्नाला तू जाच म्हणून मी धरलेला हट्ट. ती दाराला धरून खालीच बसली.

चैताली मॅडमनी कागद उलटा ठेवला. माझ्यासमोरची त्यांची खुर्ची ओढून त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "मघाशी मी विचारलं तेव्हा तुम्ही उत्तर दिलं नव्हतं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. आता देता?"

मी बत्तीस वर्षं कोणासमोर रडलो नव्हतो. बाप गेला तेव्हाही संध्याकाळची ड्युटी केली होती. त्या खोलीत मी लहान पोरासारखा रडलो आणि सगळं सांगितलं. कधी, कुठं, कसं, काहीच शिल्लक ठेवलं नाही. ही दुसरी परीक्षा तासभर चालली. त्यात वजाबाकी नव्हती, म्हणी नव्हत्या. मॅडम थोडं विचारायच्या आणि बराच वेळ थांबायच्या. त्या थांबायच्या म्हणून मी बोलायचो. बाहेर चाळीसएक माणसं खोळंबली होती आणि आरडाओरडा चालू झाला होता. मधूनच भिमाबाईचा आवाज ऐकू येत होता, "ओ, आतल्या मानसाला येळ लागनार हाय. तुमची पाळी आली का तुमाला बी लागू द्याचा का न्हाई? मग बसा गप."

त्याच दुपारी मला ॲडमिट करून घेतलं. शिवकन्या केजला गेली नाही. प्रविणनं रजा वाढवली. शिवकन्या माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. डबा ठेवायची आणि खिडकीकडं तोंड करून बसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी साऱ्या गल्लीला सांगत फिरले, बहिनींवर किती जीव हाय यांचा." आणि मग माझ्या खाटेवर डोकं ठेवून ती जी रडली ते मी विसरणार नाही. त्या रडण्यानं मला पहिल्यांदा असं वाटलं, की आपण जाऊन कोणाचं ओझं हलकं होणार नव्हतं.

गोळ्या या खेपेला नर्ससमोर, तोंड उघडून दाखवून घ्यायच्या होत्या. चौदा दिवस तिथं राहिलो. एके दिवशी एकदम बरं वाटलं असं काही झालं नाही. घरी आल्यावर, तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात, शेजारच्या घरून ठेच्याचा ठसका आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी शिवकन्येला म्हणालो, भाकरी टाक. तिनं दोन टाकल्या, मी तीन मागितल्या. मग एक दिवस पेपरातली बातमी शेवटपर्यंत वाचली आणि ती छापणाऱ्याला शिव्या दिल्या. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

हे मी जिथं जाईन तिथं सांगतो. डेपोतल्या जुन्या मंडळींना सांगतो, सोयऱ्यांत सांगतो. काही जण कानकोंडे होतात. मी त्यांना सोडत नाही. ज्याला सगळं असून काही गोड लागत नाही, त्याला मी स्वतः नऊ नंबरच्या बाकड्यावर नेऊन बसवतो. आतापर्यंत तिघांना नेलंय. भिमाबाई म्हणते, कंडक्टर परत ड्युटीवर लागले.

पण माझं एक काम राहिलं होतं. त्या दिवशी मी तिला जे बोललो, त्याची माफी. दर महिन्याला तपासणीला जायचो, काट्यावर उभा राहायचो, आणि ते शब्द ओठावर येऊन परत जायचे. ती तर असं वागायची की जसं काही झालंच नाही. आकडा बघायची, 'आता पोट येऊ द्या कमी,' म्हणायची. तिच्या त्या चांगुलपणानं माझी जास्तच पंचाईत व्हायची.

मे महिन्यातल्या एका तपासणीला मी मुद्दाम शेवटपर्यंत थांबलो. दोन वाजता ओपीडी संपली. भिमाबाई बाकड्यावर डबा उघडून बसली होती, शेंगांची चटणी आणि ज्वारीची भाकरी. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. घरून वाक्य पाठ करून आलो होतो, ते ऐन वेळी गेलं.

"ताई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुमाला जे बोललो, तुमच्या जातीवरून बोललो. तुमी माझा जीव वाचवत व्हता आन् मी तसलं बोललो. मला माफ करा."

ती भाकरी मोडता मोडता थांबली. मला बाकड्यावर बसायची खूण केली.

"राग आलता," ती म्हणाली. "आला न्हाई म्हनले तर खोटं व्हईल. आमच्या आज्यानं छप्पन साली देव सोडले, गाव सोडलं, तरी लोकं आजून तेच बोलत्यात. तुमी माफी मागितली, बरं केलं. घेतली मी." मग तिनं डब्याचं झाकण लावलं, जेवण अर्धंच झालं होतं. "माझा एक भाऊ व्हता. अनिल. आमच्यात दिवाळीचं न्हाई, पर दरसाल चौदा एप्रिलला तो पांढरं लुगडं घिऊन यायचा. एका वर्साला जानेवारीतच आला. मी म्हनलं, बरं झालं आलास. कोंबडं कापलं. पोटभर हसलाव आमी. मला वाटलं, किती खुश हाय आज. तो निघाला तवा मी इचारलं बी न्हाई, आत्ताच कावून आलास म्हून. चौथ्या दिवशी निरोप आला."

बाकड्यावर आम्ही दोघंच होतो.

"तुमी त्या दिवशी वरडत व्हता ना," ती म्हणाली, "मला बोलत व्हता, आन् माझ्या मनात येत व्हतं, बोल बाबा, आजून बोल. वाईट बोल, पर बोल. माझा अनिल एक शबूद बोलला न्हवता."